हातचा एक

सीझन पास परवडतो म्हणतात,
वर्षातून आठ वेळा गेलात तर.
फ्रिजवरच्या कॅलेंडरात मी आठ दिवस शोधले,
नोव्हेंबर ते मार्च.
निघाला दीड.

रेनाल काउंटीचा ट्रक चालवतो,
रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचा.
म्हणजे बर्फ पडला की तो कामावर,
नाही पडला की ओव्हरटाइम नाही.
आता यात घसरायला जायचं कधी,
सांगा.

तरी ठरवलं.
ऑक्टोबरात शाळेला बटाटे काढायची सुट्टी असते इकडे,
मिरेयने पाठ मोडेस्तोवर पिंपं भरली
आणि नोटा माझ्यापुढे ठेवल्या,
मातीच्या, घडी न मोडलेल्या.
अग्निशमन दलाच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री होती.
तिथे तिला बूट मिळाले बारा डॉलरला,
आत शाईने लिहिलेलं ‘डॅफ्नी’,
त्याखाली खोडलेला ट्रिस्टन,
त्याखाली कुणीतरी, जो आता वाचता येत नाही.
माझ्या स्की माझ्याच, लग्नाआधीच्या,
शिडीसारख्या सरळ.
रेनालला आर्मांचे बूट, एक नंबर मोठे.
दोन मोजे घाल, म्हटलं.

हेडली टेकडीवर मंगळवारी
खाण्याचा एक डबा दान दिला की तिकीट अर्ध्यात.
डबा केवढ्याला पडतो तेही मी मोजलं.
(घेवड्याचा सगळ्यात स्वस्त. मग लाज वाटून पीचचा घेतला.)
आगाऊ घेतलं तर आणखी चार डॉलर कमी,
पण पैसे परत नाहीत.
अंदाज पाहिला: मंगळवार, कोरडा, ऊन.
घेतली तीन.

रात्री तीनला फोन वाजला.
मी डोळे उघडले नाहीत.
त्याने अंधारातच पँट चढवली,
खिडकीबाहेर काहीच ऐकू येत नव्हतं,
आणि असं काहीच ऐकू येत नाही तेव्हा
गुडघाभर पडलेला असतो.

कुट्टूची धिरडी लोणी लावून गुंडाळली,
थर्मास भरला, कारण वरच्या कँटीनमध्ये
साध्या सूपला तिकिटाएवढे पैसे.
निघालो तर घाटाच्या पहिल्याच वळणावर
पुढे नारिंगी दिवा, फिरत,
आणि दोन्ही बाजूंना उसळणारा पांढरा पंखा.
बाबा, मिरेय म्हणाली.
पुढे जाता येत नव्हतं, जायचंही नव्हतं.
नऊ मैल आम्ही त्याच्या मागे,
त्याने नुकत्याच केलेल्या रस्त्यावर.
टेकडीच्या पार्किंगपाशी त्याने ट्रक वळवला,
स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली,
आणि गेला.

खिडकीतली एर्लीन म्हणाली, तिसरा कुठे?
खाली, रस्त्यावर.
तिने चष्म्यावरून पाहिलं,
तिसरं तिकीटही तारेत ओवून दिलं.
वजाबाकीत मी कधी चुकत नाही,
हा एक मात्र हातचा राहिला.

मी तीनदा पडले, एकदा रांगेतच.
डॅफ्नीचे बूट पोरीला असे बसले
की जणू ट्रिस्टन आणि तो खोडलेला मुलगा
तिच्या टाचा धरून शिकवत होते.
बर्फ कसा होता विचाराल तर
पिठासारखा, चाळलेल्या.
असा दिवस सीझन पासवाल्यांनाही
आठातून एखादाच मिळतो.

वरून खालचा रस्ता दिसायचा.
दिवा त्यावरून जायचा, यायचा.
आम्ही वर, तो खाली; आम्ही खाली, तो वर.
दिवसभर तिघंही उतारावरच होतो,
पैसे फक्त त्याला मिळत होते.
हे मी मिरेयला सांगितलं.
ती हसली नाही. धिरड्यातलं एक
तिने कागदात परत गुंडाळून ठेवलं.

ते तिकीट त्याने कामाच्या जॅकेटच्या चेनला अडकवलं,
काढलंच नाही.
एप्रिलमध्ये पेट्रोल भरताना
कुणा परगावच्या माणसाने ते पाहिलं,
विचारलं, हेडलीला होतात? बर्फ चांगला होता?

होता ना, रेनाल म्हणाला.
सगळा मीच उचलला.